काळ्या कपड्यांतली छाटणी

आईचा आवाज मला नेहमी वरून ऐकू आला. दुसऱ्यांच्या आया चुलीपासून हाका मारतात, दारातून मारतात. माझी आई मोल्येच्या झाडातून हाक मारायची. मी खाली टोपली घेऊन उभी. वर मोल्येच्या बारीक पानांच्या झिपऱ्या, त्यांत गुंतलेली वेल, वेलीचे काळे घड, आणि त्या सगळ्यात कुठंतरी ती. दिसायची नाही, नुसती ऐकू यायची.

"लेओ, टोपली नीट धर. तोंड उघडं टाकून वर बघू नकोस, चिमणी आत घरटं करील."

आणि मग गाणं. घड तोडताना ती गायची, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक घड खाली यायचा.

वेलीनं मोल्येला घट्ट गं धरलं,
कोणी कोणा सावरलं, कुणी ना विचारलं.

शेजारच्या मळ्यातला आन्सेल्मो तेव्हा तरणाबांड होता. तो कुंपणापलीकडून ओरडून गायचा:

झाडावरच्या बाई, उतर आता खाली,
द्राक्षांची झाली वाईन, वाईन पिऊन झाली.

आईला उत्तर शोधावं लागायचं नाही.

खालच्या रे बुवा, मान तुझी दुखली,
वर बघता बघता बायको घरी रुसली.

सगळा मळा हसायचा. मग समोरचा लाल कडा हसायचा, कारण आमच्या खोऱ्यात एकदा हसलं की दोनदा ऐकू येतं.

त्याला आता पन्नास वर्षं झाली. पण आवाज म्हटला की तो वरून यायचा, ही माझी सवय गेली नाही. अजून कुणी हाक मारली की मी आधी वर बघते.

नदीपल्याड नव्या बागा आहेत. तिथं वेली तारांवर चढवतात, घड माणसाच्या कमरेशी येतात. आमच्या काठाला माणूस घडांपाशी जातो, शिडी लावून, फांदीवर पाय ठेवून. मोल्ये वेलीला सावली देतो, गारा आपल्या अंगावर घेतो, त्याच्या वासानं किडे लांब राहतात. आमच्या मळ्यात असे बारा मोल्ये. अकरांवर साधी काळी क्रिओया द्राक्षवेल, खोऱ्यात सगळ्यांकडे आहे तीच. बाराव्यावर जी होती तिला नाव नव्हतं. आम्ही तिला म्हातारी म्हणायचो.

म्हातारीची वाईन फार गडद नसायची. उजेडात धरली तर संध्याकाळच्या कड्याचा रंग. घोट उतरल्यावर जिभेच्या मुळाशी मिऱ्यासारखी हलकी झणझण मागं राहायची. ती मोल्येची, असं आई म्हणायची. मोल्येचे गुलाबी दाणे त्या घडांच्या अंगाला अंग लावून पिकायचे. वर्षाला दोन रांजण व्हायचे, फार तर. लग्नाला, बारशाला, मयताला. सुक्रे शहराहून शेतीची एक इंजिनियर बाई आली होती, पानं घेऊन गेली. पुढच्या वर्षी परत येऊन म्हणाली, अशी दुसरी वेल आम्हाला कुठं सापडली नाही, मला काड्या द्याल का? पूर्वी आईनं दोनदा म्हातारीच्या काड्या मातीत लावल्या होत्या. एकदा पुरानं नेल्या, एकदा बकऱ्यांनी खाल्ल्या. माझा भाऊ एवारिस्तो त्या बाईला म्हणाला, "ऑगस्टात छाटणीला या. लागतील तेवढ्या न्या." हे आई होती तेव्हाचं बोलणं.

एवारिस्तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. मी त्याला तुराय म्हणते, तो मला पानाय. आईच्या भाषेत बहिणीनं भावाला आणि भावानं बहिणीला असंच म्हणायचं. त्यानं लग्न केलं नाही, माझा नवरा लवकर गेला. म्हणून त्या घरात आम्ही तिघंच, आणि तिघांमध्ये झाडावर चढणारी दोघं. मी सात वर्षांची असताना एकदा चढले होते. अर्ध्यावर हात गोठले. एवारिस्तोनं मला पाठुंगळी घेऊन खाली आणलं आणि मी त्याच्या मानेवर ओकले. त्यानंतर माझी जागा खाली, टोपलीपाशी.

मागच्याच्या मागच्या मार्चमध्ये एवारिस्तो हौदात द्राक्षं तुडवत होता, गुडघ्यापर्यंत लाल. म्हातारीचे घड अजून वर होते. आई एकोणऐंशी वर्षांची.

"मी चढते," मी म्हणाले. कुणीतरी म्हणायलाच हवं होतं, म्हणून.

"तू चढलीस तर तुला उतरवायला गाव गोळा करावं लागेल," आई म्हणाली. "टोपली धर."

तिनं शिडीवर पाय ठेवला तेव्हा मी तिचा स्कर्ट धरू शकले असते. तिच्या स्कर्टची किनार माझ्या बोटांशी होती. मी टोपली धरली.

ती गात होती. फांदी मोडली नाही, ओरडणं नाही, काही नाही. नुसतं गाणं थांबलं. मी वर बघितलं, सवयीप्रमाणं, आणि ती माझ्या टोपलीपासून दोन हातांवर खाली होती.

मयताला म्हातारीचीच वाईन होती. दोघांनी काळे कपडे घातले. आमच्याकडे वर्षभर घालतात. वर्षाच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, काळं उतरवायचं, कुणीतरी जवळचं माणूस ते अंगावरून काढतं आणि रंगीत घालतं. तोवर काळ्या हातानं लग्नात वाढायचं नाही, बाळाला अंघोळ घालायची नाही, आणि वेलीला लोखंड लावायचं नाही.

मयतानंतर तिसऱ्या आठवड्यात एवारिस्तो पाद्रींना भेटायला कमार्गोला गेला. दुपार होती. ऊन कड्यावरून सरळ खाली मळ्यात उतरलं होतं. मी कुऱ्हाड घेतली आणि बाराव्या मोल्येपाशी गेले. बुंध्याभोवतीची माती हातभर खोल उकरली. मग जमिनीखाली, कुणाला दिसणार नाही असं, बुंध्याला सगळीकडून गोल खाच पाडली. साल, सालीखालचं पांढरं, त्याखालचं लाकूड. मोल्येचा चीक हातांना लागला, त्याला तोच वास, मिऱ्याचा. खाच भरायला मी गुरांच्या मिठाचा खडा फोडून घातला. बाभळीचा खुंट मारायचा तर मीठ भरावं, हे मला आईनंच शिकवलेलं.

मनाला मी सांगत होते: तुराय बासष्ट वर्षांचा आहे, त्याचा गुडघा धड नाही. आता हा चढेल. हाही पडेल. झाड वाळलं की वेल तारेवर घेता येईल, नदीपल्याड घेतात तशी, आणि कुणाला वर जावं लागणार नाही. हे सगळं खरं होतं. पण कुऱ्हाड घालताना मी तुरायचा विचार करत नव्हते. मी त्या झाडाला विचारत होते, तू तिला का सोडलंस? जसं काही स्कर्ट माझ्या बोटांशी नव्हताच.

वेलीला काही होईल असं माझ्या मनातही आलं नाही. ती वेगळी, झाड वेगळं, असं मी धरून चालले होते.

खाच मातीनं झाकली. ताजी माती दिसत होती. म्हणून वर दगड रचले, आणि दगडांवर लाकडाचा क्रूस उभा केला. अचानक मरण आलं त्या जागी आमच्याकडे क्रूस लावतातच. एवारिस्तो कमार्गोहून परतला, त्यानं बघितलं, टोपी काढली, आणि त्याच्या डोळ्यांतून घळघळ पाणी आलं. "पानाय," तो म्हणाला, "मला सुचलं नसतं बघ." त्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी तिथं मेणबत्ती लावू लागला. त्या दगडांना हात लावायचं मग कुणाच्याच मनात आलं नाही.

ऑगस्ट आला, आमच्याकडचा हिवाळा सरत आला. वेलींचे डोळे फुगायला लागले. एखाद्या घरात काळं असतं तेव्हा शेजारी छाटणी करून देतात. पण त्या वर्षी शेजारच्या डोन्या पेत्रोनाचे दोन्ही मुलगे अर्जेंटिनात होते, आन्सेल्मोला आता शिडी चढवत नव्हती, आणि बाकीचे आज येतो, उद्या येतो करत राहिले. इतर अकरा झाडं कशीबशी उरकली. म्हातारीला हात लावायला सगळे घाबरत होते. तिची छाटणी आईशिवाय आणि एवारिस्तोशिवाय कुणी केलीच नव्हती.

एका सकाळी एवारिस्तो माझी शाल घेऊन बाहेर आला. लाल-पिवळ्या पट्ट्यांची, मी पेटीत ठेवलेली. ती त्यानं काळ्या शर्टावर गुंडाळली, डोक्यावरून घेतली, हनुवटीखाली गाठ मारली.

"हे काय सोंग?"

"वेलीला वाटेल तू आलीस."

"मी कधी चढले होते?"

"तेच. ती इतकी चकित होईल की काळं बघायचं विसरेल."

पाच महिन्यांनी मी पहिल्यांदा हसले. तो वर गेला. शालीतला म्हातारा, मिश्यांचा. खाली काड्या पडत होत्या, एकेक बोटाएवढी जाड, आतून हिरव्या. मी त्या गोळा करत होते, इंजिनियर बाईसाठी. वरून त्यानं एकदा म्हटलं, "मोल्येची पानं पिवळी दिसतायत गं. पाणी कमी पडतंय का?" मी म्हणाले, "थंडी."

दुपारी डोन्या पेत्रोना आली. आईची जिवाची मैत्रीण, माझी धर्ममाता. दारातच थांबली.

"एवारिस्तो, म्हातारीला कुणी छाटलं?"

"लेओनं," तो म्हणाला, अजून शालीत.

"लेओ शिडीच्या दुसऱ्या पायरीवर ओकते, हे अख्ख्या खोऱ्याला माहीत आहे. तूच छाटलंस. काळ्या हातानं."

"डोळे फुगले होते, डोन्या. ती माझ्यासाठी थांबणार होती का?"

"आणि शाल घेऊन फसवायला ती काय आंधळी आहे? तुझ्या आईनं तिला साठ वर्षं हात लावला. ती हात ओळखते." पेत्रोना खाली बसली. चिडली नव्हती, घाबरली होती. "निदान काड्या तरी जाळ. त्या मातीत लावल्यास तर जिथं रुजतील तिथं शोक रुजेल. त्या बाईच्या घरीसुद्धा. जाळ, आणि राख नदीत सोड. मग कदाचित."

एवारिस्तो हसून टाकेल असं मला वाटलं. तो हसला नाही. आई गेल्यापासून त्याच्यात काहीतरी उलटं झालं होतं. पूर्वी अशा गोष्टींची तो थट्टा करायचा, आता त्याला त्यांची भीती वाटायची. त्यानं शाल काढली, घडी केली, माझ्या हातात दिली. अंगणात काड्यांचा ढीग केला.

ओल्या काड्या लवकर पेटत नाहीत. धूर झाला, मग फसफस, मग टोकांतून पाणी गळायला लागलं. तो गुडघ्यावर बसून फुंकत होता. मी ढिगाच्या या बाजूला उभी. मला पिवळ्या पानांचं कारण माहीत होतं. मला माहीत होतं की आता त्या झाडाचं जे काही होईल, ते याच्या माथ्यावर येणार. आणि माझ्या पायाशी एक काडी ढिगातून घरंगळून पडली होती, चार डोळ्यांची. नुसता पाय ठेवला असता तरी झाकली असती, पुढं रुजवता आली असती.

मी ती उचलली आणि आगीत टाकली. तो बघत होता म्हणून.

सप्टेंबरात आमची पाण्याची पाळी आली. पाट फोडला, पाणी मळ्यात पसरलं, क्रूसाच्या दगडांभोवती तळं साचलं आणि हळूहळू मुरलं. तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही. म्हातारीला पालवी फुटली, उशिरा, पण फुटली. एवारिस्तोनं पेत्रोनाला बोलावून दाखवली. दोघं झाडाखाली लहान मुलांसारखी टाळ्या वाजवत होती. दहा दिवसांनी पानांच्या कडा तपकिरी झाल्या. जणू कुणी एकेक पान मेणबत्तीवर धरलं होतं. आतला भाग हिरवा, कडा जळलेल्या. एवारिस्तो पान हातात घेऊन माझ्याकडे आला.

"हे बघ. असं कधी बघितलंयस?"

तो झोपायला गेल्यावर, भर दुपारी, मी दगडांशेजारची माती चिमटीत घेतली आणि जिभेवर ठेवली. खारट होती.

मग मी काय केलं? पाणी घातलं. बादल्यांनी, जितकं मिळेल तितकं. मीठ धुऊन जाईल म्हणून. ते आणखी खोल गेलं. एवारिस्तो म्हणायचा, "तू किती करतेस गं तिच्यासाठी."

नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी मेलेले जेवायला येतात. आईचं पहिलंच येणं. आम्ही टेबल मांडलं: पावाची बाहुली, तिला उतरायला पावाची शिडी, उकडलेला मका, तिची आवडती चघळायची कोकाची पानं, म्हातारीच्या वाईनचा पेला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला आत्मे परत जातात. गावात घंटा झाली. वारा सुटला होता. खोऱ्यातून त्या दिवसांत वारा येतोच. बाराव्या मोल्येची मोठी फांदी, जिच्यावर आई पाय ठेवायची, वाळून खडखडीत झाली होती. ती कडाडली आणि वेलीला सोबत घेऊन आली. वेलीचं खोड मुळापाशी उभं चिरलं. आत हिरवं काही नव्हतं.

अंगणात वीसेक माणसं होती. सगळे एवारिस्तोच्या काळ्या बाह्यांकडे बघत होते. मग पेत्रोना हलकेच म्हणाली, "घेऊन गेली. तुमच्या आईची वेल होती, आईच घेऊन गेली."

एवारिस्तो आपले हात बघत होता. तळवे, मग पाठ, मग पुन्हा तळवे.

त्या दिवसापासून त्यानं वेलींना हात लावला नाही. त्या अकरांनाही नाही. "मी लांबच बरा," म्हणायचा. उन्हाळ्यात विरळणी झाली नाही, पाला काढला नाही. मार्चमध्ये घड पिकले तेव्हा शिडी काढली नाही. पोपट आले, गांधीलमाश्या आल्या. खालून आंबूस वास येत राहिला, जणू मळाच रांजण झाला होता, झाकण नसलेला. मी म्हणाले, बाहेरची माणसं बोलावू. तो म्हणाला, "माझ्या बाधलेल्या जमिनीत त्यांना कशाला उतरवतेस?" गावातही कुणी त्याला आता कामाला हात लावायला बोलावत नव्हतं. आन्सेल्मोच्या नातवाचं बारसं झालं, तिथं त्याला दारापाशी बसवलं. मानानंच बसवलं, पण दारापाशी. तो जेवायचा कमी. बोलायचा त्याहून कमी. संध्याकाळी तेवढा उठायचा, मेणबत्ती घेऊन क्रूसापाशी जायचा. मी खिडकीतून बघायचे. तो दगडांशी बोलायचा. एकदा मी ऐकलं. "आई, डोळे फुगले होते गं," तो म्हणत होता. "मला वाटलं, उशीर नको."

कितीदा मी दारापर्यंत गेले. मेणबत्तीच्या उजेडात त्याची पाठ दिसायची, आणि मला वाटायचं, उद्या. झाड तर मेलंच आहे. वेल मेलीच आहे. आता सांगून तिला पालवी फुटणार आहे का? आणि सांगितल्यावर या घरात मला पाणी कोण देणार? मी त्याच्या ताटात जास्तीचं वाढायचे आणि गप्प राहायचे.

वर्ष भरलं. मिस्सा झाली. जेवणाला म्हातारीचा शेवटचा रांजण उघडला. मी मातीच्या पेल्यानं वाढत होते. प्रत्येकजण घोट घेऊन जरा वेळ थांबायचा, झणझण येईपर्यंत, आणि मग दुसऱ्याकडे बघायचा. आता ही चव पुन्हा नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. मी माझा पेला तोंडाला लावला नाही.

आन्सेल्मो कोपऱ्यात बसला होता, ऐंशीचा. दोन पेल्यांनंतर तो पुटपुटल्यासारखा गायला लागला.

झाडावरच्या बाई, उतर आता खाली...

तो थांबला. उत्तराची वेळ होती. सवयीनं मी वर बघितलं. छताच्या वाशांखेरीज तिथं काही नव्हतं. आन्सेल्मोनं पेला खाली ठेवला आणि टोपीनं तोंड झाकलं.

पेत्रोना उठली. तिच्या हातात घडी केलेले दोन कपडे होते. माझ्यासाठी निळी चोळी, एवारिस्तोसाठी पांढरा शर्ट. आधी तिनं माझी काळी शाल काढली, चोळी अंगावर धरली, कपाळावर ओठ टेकले. "पुरे झालं, पोरी." मग ती त्याच्याकडे वळली.

"ये, एवारिस्तो."

"राहू दे, डोन्या."

"राहू दे काय? वर्ष झालं. आई रस्त्यात अडकेल तुझ्यामुळं. बटण काढ, नाहीतर मी काढते, मी तुझं ढुंगणही धुतलंय."

कुणीतरी हसलं.

एवारिस्तोनं तिचे हात धरले, हळूच, आणि बाजूला केले. "माणसासाठीचं काळं वर्षाचं असतं," तो म्हणाला. "मी दुसरंही मारलंय. त्याचं किती दिवस असतं ते पाद्रींनाही माहीत नाही. मी विचारलं त्यांना. हे माझ्याबरोबर जाईल." मग तो माझ्याकडे वळला, अगदी साध्या आवाजात, जेवणाबद्दल विचारावं तसा. "पानाय, मळ्याचं तू बघ. अकरा आहेत अजून. मी वर आन्सेल्मोच्या मेंढ्यांकडे जातोय, पठारावर. तिथं झाडंच नाहीत. उद्या निघतो."

पठारावर एकट्यानं जाणारा त्याच्या वयाचा, त्याच्या गुडघ्याचा माणूस परत येत नाही, हे अंगणातल्या सगळ्यांना कळलं. पेत्रोना शर्टाची घडी पुन्हा घालू लागली.

तो मेणबत्ती घेऊन बाहेर पडला. अजून दुपार होती. त्याला आता संध्याकाळची वाट बघायची नव्हती. मी मागोमाग गेले. निळी चोळी अर्धीच घातलेली, एक बाही लोंबत होती. मागून बाकीचे आले, दारापर्यंत, आणि तिथंच थांबले.

तो क्रूसासमोर गुडघ्यावर बसला होता. वाऱ्यात आगकाडी पेटत नव्हती. वाळलेलं झाड वर उभं, फांदी मोडली तिथं पांढरं.

मी क्रूस उचलला.

"लेओ, काय करतेस?"

मी क्रूस आडवा ठेवला. पहिला दगड काढला. दुसरा. तो माझं मनगट धरायला पुढं आला, मी त्याचा हात झटकला आणि दगड काढत राहिले. मग नखांनी माती. खाच लागली. वर्षभरात ती काळी झाली होती, काठाला मिठाची पांढरी पापडी. आणि तिच्यात, मोल्येच्या लाकडाला लागून, अंगठ्याएवढं एक तुटलेलं मूळ होतं, लाल सालीचं. मोल्येचं नव्हतं. वेलीचं. दोघांची मुळं तिथं एकमेकांत गेली होती आणि माझी कुऱ्हाड दोघांतून गेली होती. हे मी तेव्हा बघितलं नव्हतं. ते मला आत्ता, त्याच्या बरोबरच दिसलं.

एवारिस्तोनं खाचेत बोट घातलं. गोल फिरवलं, जिथवर बोट गेलं तिथवर. मग बोट जिभेला लावलं. माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं होतं, पण त्याला ते कळून घ्यायचं नव्हतं. मी गप्प राहिले असते तर त्यानं त्यालाही काही कारण शोधलं असतं. शेजारी, जुना वैरी, कुणीतरी.

"तुराय," मी म्हणाले, "तुझ्या हातानं काही झालं नाही. आई पडली त्याच्या तिसऱ्या आठवड्यात तू कमार्गोला गेलास, तेव्हा मी कुऱ्हाड घातली. मीठ मी भरलं. क्रूस मी लावला तो हे झाकायला. आणि तू अंगणात बसून काड्या जाळत होतास, धूर डोळ्यांत जात होता तुझ्या, तेव्हा मी समोर उभी होते. मला सगळं माहीत होतं. एक काडी माझ्या पायाशी आली होती. ती मी जाळली."